रुमालाखालची विद्या

दिवाळीचा पाडवा आला की अकलूजच्या बाजारतळावर घोड्यांच्या दावणी लागतात. कार्तिकी एकादशीच्या सुमारास पंढरपूरच्या परिसरात खिलार जनावरांचा बाजार भरतो. मार्गशीर्षी पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, तापीकाठच्या सारंगखेड्यात मारवाडी आणि काठेवाडी घोडी उतरतात. आणि त्याच महिन्याच्या वद्य पक्षात नांदेड जिल्ह्यातील माळेगावी, खंडोबाच्या यात्रेत, घोडी, गाढवे, उंट आणि लाल कंधारी बैल एका माळावर उभे राहतात. पौषी पौर्णिमेला जेजुरीचा गाढवांचा बाजार आणि फाल्गुनाच्या अखेरीस मढीचा. पंचांगाने आखून दिलेल्या या वाटेवरून घोड्यांचे व्यापारी चालतात, नालबंद चालतात, लगाम-खोगीर आणि घुंगुरमाळा विकणारे चालतात, दलाल चालतात. जागचा हलत नाही तो एकच माणूस. आणि नेमक्या त्याच माणसाच्या अंगावर तळाची सारी जबाबदारी असते.

हा माणूस कोठे बाजार समितीचा सचिव असतो, कोठे पंचायत समितीचा अधिकारी, कोठे देवस्थानचा कारभारी, तर कोठे ग्रामपंचायतीचा नोकर. त्याच्या पदाला निरनिराळी नावे असली तरी काम एकच आहे: मोकळ्या माळावर चार-आठ दिवसांसाठी हजारो मुकी जनावरे आणि त्यांच्या कित्येक पट माणसे उतरवायची, जगवायची आणि कोणाच्या जिवाला अपाय न होता वाटेला लावायची. हे काम तो ज्याच्याकडून शिकेल असा गुरू त्याला लाभत नाही आणि ज्याला शिकवील असा शिष्यही लाभत नाही. शेजारच्या जिल्ह्यात हेच काम करणाऱ्या आपल्या समव्यवसायी माणसाचे नावसुद्धा त्याला पुष्कळदा ठाऊक नसते. महाराष्ट्रातील कृषी आणि पशुबाजारांविषयी हमीभाव, अडत, सेस, निवडणुका या अंगांनी विपुल चर्चा झाली आहे. तळ राखणाऱ्याच्या या एकाकीपणाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. ते जावयास हवे, कारण हे एकाकीपण केवळ त्या माणसाचे दुःख नाही. त्याची किंमत शेतकरी आणि पशुपालक मोजत असतात.

पुस्तकात नसलेले शास्त्र

तळ राखणे म्हणजे पावत्या फाडणे आणि मांडवाचा ठेका देणे, असा समज रूढ आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. एक घोडा दिवसाला साधारणपणे पंचवीस ते चाळीस लिटर पाणी पितो. हजार घोडी उतरली तर नुसत्या पिण्यासाठी पंचवीस ते चाळीस हजार लिटर पाणी रोज लागते. माणसांचा आणि साफसफाईचा हिशेब वेगळा. पण पाणी किती हा प्रश्न सोपा, पाणी कसे हा अवघड. सोयीसाठी एकच मोठा हौद बांधला की एका आजारी जनावराच्या नाकातला स्राव शंभर जनावरांच्या तोंडी जातो. अनुभवी कारभारी म्हणून प्रत्येक दावणीला स्वतंत्र बादल्यांचा आग्रह धरतो. वळू घोड्यांची दावण घोड्यांच्या वाऱ्यावर न ठेवता माद्यांपासून दूर लावावी लागते. मालमोटारीतून जनावर उतरविण्यासाठी मातीचा धक्का नसेल तर उडी मारताना पाय मोडतात. धक्का सिमेंटचा गुळगुळीत केला तर घसरून मोडतात. घोड्याची रेवाळ चाल पाहण्यासाठी गिऱ्हाईक त्याला पळवून बघणारच; त्या धावपट्टीची आणि बघ्यांच्या गर्दीची वाट एकमेकींना छेदू लागली की अपघात ठरलेला. चाऱ्याच्या गंजी आणि स्वयंपाकाच्या चुली यांत अंतर किती ठेवावे, लिदीचा ढीग कोणत्या अंगाला टाकावा, रात्री दावे तोडून उधळलेले जनावर कोणी आणि कसे धरावे, मेलेल्या जनावराची विल्हेवाट कोठे लावावी, चोरीचे जनावर दाखल्याशिवाय तळावर येते आहे हे कशावरून ओळखावे, हे सारे एक शास्त्रच आहे. ते कोणत्याही विद्यापीठात शिकविले जात नाही आणि कोणत्याही शासकीय परिपत्रकात सापडत नाही.

कायदा याबाबतीत मुका आहे असे नाही. तो अपुरा आहे. भारतातील नियंत्रित बाजारपेठेचा आरंभ वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ मध्ये झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा आला आणि महाराष्ट्र राज्याचा कृषी उत्पन्न पणन कायदा १९६३ चा. या परंपरेने शेतकऱ्याला फार मोठी गोष्ट दिली. पूर्वी दलाल आणि व्यापारी हातांवर रुमाल टाकून, आतल्या आत बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. ज्याचे जनावर वा ज्याचा माल, तो शेजारी उभा राहून रुमालाकडे पाहत असे. ही हत्ता पद्धत नियंत्रित बाजारात निषिद्ध ठरली आणि भाव उघड्यावर बोलला जाऊ लागला. भावावरचा रुमाल कायद्याने काढला. पण तळ कसा चालवावा या विद्येवरचा रुमाल आजही तसाच आहे. ती विद्या एका हातातून दुसऱ्या हातात गेलीच तर चोरून, योगायोगाने जाते. बहुधा जातच नाही. सचिव निवृत्त होतो, त्याच्या जागी नवा येतो, आणि पहिल्याने पंधरा वर्षांत ठेचा खाऊन जे मिळविले ते मिळविण्यासाठी दुसरा पुन्हा पहिल्या ठेचेपासून आरंभ करतो. जेथे यात्रेचे नियोजन जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांच्याकडे आहे तेथे तर बदल्यांचे चक्र याहूनही वेगाने फिरते. एका यात्रेत जो शिकला तो दुसऱ्या यात्रेला दुसऱ्याच तालुक्यात असतो.

रोग हिंडतो, अनुभव बसून राहतो

याचा परिणाम सर्वांत भयंकर रीतीने दिसतो तो रोगराईच्या वेळी. घोडे, गाढवे आणि खेचरे यांना होणारा ग्लँडर्स हा रोग माणसालाही होऊ शकतो. त्यावर लस नाही आणि बाधित जनावराला वेदनारहित मरण देण्यावाचून मार्ग नाही. त्याच्यासाठी कायदा झाला तो १८९९ मध्ये. पुढे दीर्घकाळ तो विस्मृतीत गेल्यासारखा होता. परंतु २००६ मध्ये त्याने भारतात पुन्हा डोके वर काढले ते पुणे आणि पाचगणी येथे, म्हणजे महाराष्ट्रातच. त्यानंतर अनेक राज्यांत त्याचे रुग्ण आढळले आणि २०१९ मध्ये केंद्र शासनाला त्याच्यासाठी राष्ट्रीय कृतियोजना आखावी लागली. रक्ततपासणीचा दाखला असल्याशिवाय घोडे तळावर घेऊ नये, हा नियम कागदावर सोपा आहे. पण पहाटे तीन वाजता परराज्यातून शेकडो कोस तुडवून आलेली मालमोटार दारात उभी असते, आतली घोडी तहानेने व्याकूळ झालेली असतात, दाखला संशयास्पद असतो आणि व्यापारी समितीच्या एखाद्या संचालकाचे नाव घेत असतो. त्या क्षणी काय करायचे? मोटार परत धाडायची, की तळाबाहेर वेगळा वाडा करून तेथे पाणी-चारा देऊन पशुवैद्याची वाट पाहायची? ज्याने असा वाडा एकदा तरी चालविला आहे त्याला उत्तर ठाऊक असते. ज्याने चालविलेला नाही त्याला ते कोणीतरी सांगावे लागते, आणि सांगणारा कोणी नसतो.

गाई-बैलांच्या लम्पी त्वचारोगाने २०२२ मध्ये हाच धडा आणखी मोठ्या अक्षरांत लिहिला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात राज्यभर गुरांचे बाजार बंद करण्यात आले. बंदी आवश्यक होती, यात शंका नाही. परंतु ती उठल्यावर पुन्हा बाजार सुरू करताना प्रवेशद्वारावर तपासणी कशी बसवावी, निर्जंतुकीकरण कसे करावे, लसीकरणाची नोंद कशी पडताळावी, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक बाजार समितीने आपापल्यापुरती, अंधारात चाचपडत शोधली. राज्यात तीनशेहून अधिक बाजार समित्या आहेत. एकाने शोधलेले उत्तर दुसऱ्याला कळले असते तर कित्येक आठवडे वाचले असते. आणि बाजार बंद असलेला प्रत्येक आठवडा म्हणजे लग्न, दवाखाना वा पेरणी यांसाठी बैल विकू पाहणाऱ्या एखाद्या कुटुंबाची सावकाराच्या दारातली फेरी असते. व्यापारी आज येथे तर उद्या तेथे असतो आणि त्याच्या जनावराबरोबर रोगही तळामागून तळ हिंडतो. त्याला अडविण्याचा अनुभव मात्र गावच्या वेशीबाहेर पाऊल टाकीत नाही.

वेळही फार उरलेला नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे व तट्टे होती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ती सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. गाढवांची संख्या त्याच काळात सव्वातीन लाखांच्या आसपासवरून सव्वा लाखाच्याही खाली घसरली. ज्या भीमथडीच्या तट्टांनी मराठ्यांच्या फौजा वाहिल्या त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद अलीकडेच झाली, आणि ती झाली तेव्हा तट्टे बहुतांशी धनगरांच्या मेंढवाड्यांपाठोपाठ संसार वाहणारी उरली होती. जनावर कमी होते तसा त्याला ओळखणारा माणूसही कमी होतो. तळावर तीस-चाळीस हंगाम काढलेले म्हातारे मोतद्दार, नालबंद, राखणदार आणि कारकून आज हयात आहेत. दहा-पंधरा वर्षांनी त्यांना विचारायचे म्हटले तरी विचारता येणार नाही.

ज्यांना जमले त्यांना कसे जमले

समव्यवसायींनी एकत्र येऊन एकमेकांना शिकविणे ही काही नवलाची कल्पना नव्हे. श्रीमंतांच्या घोड्यांच्या बाबतीत ती केव्हाच अमलात आली आहे. मुंबई-पुण्याच्या शर्यतीच्या मैदानांचे चालक आणि कोलकाता, बंगळूर, हैदराबाद, चेन्नई येथील चालक यांचे परस्परांशी घट्ट संधान आहे. एका ठिकाणी अपात्र ठरविलेल्या घोड्याला दुसऱ्या ठिकाणीही दार बंद होते. जातिवंत घोड्यांच्या वंशावळीची नोंद ठेवणारी यंत्रणा देशभरासाठी एकच आहे. टांगेवाल्याचे तट्टू, वडाराचे गाढव आणि वरातीची घोडी ज्या तळावर विकली जातात त्या तळांच्या वाट्याला अशी बंधुता का येऊ नये?

अमेरिकेतील काही जत्रांच्या चालकांनी १८८५ मध्येच एकत्र येऊन आपली संघटना स्थापन केली आणि ती आजही चालू आहे. तेथील कृषी व अश्वकेंद्रांच्या व्यवस्थापकांचाही स्वतंत्र संघ आहे. परंतु दृष्टांतासाठी इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. ज्या बाजार आवारात सचिव एकटा बसलेला असतो त्याच आवारातील हमालाने हा धडा कधीच गिरविला आहे. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पुण्यात हमाल पंचायत उभी राहिली आणि ओझे वाहणारा माणूस आपल्या मजुरीचा, आपल्या पाठीचा आणि आपल्या म्हातारपणाचा विचार गावोगावच्या हमालांबरोबर करू लागला. १९६९ चा माथाडी कायदा हे अशाच संघटित श्रमिकांच्या रेट्याचे फळ. द्राक्षबागायतदारांनी आपला संघ काढून एकमेकांच्या बागांत हिंडत जे शिक्षण घेतले त्याची कथाही महाराष्ट्राला परिचित आहे.

बैलगाडा शर्यतींचे उदाहरण तर याहूनही बोलके आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी शर्यती थांबविल्या, तेव्हा एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले गाडामालक आणि आयोजक एकत्र आले. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळेपर्यंत आणि पुढे १८ मे २०२३ रोजी घटनापीठाचा निकाल लागेपर्यंत ते एकत्र राहिले. शर्यत असावी की नसावी याविषयी मतभेद असू शकतात, आणि बैलाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. येथे मुद्दा वेगळा आहे. घाट वाचविण्यासाठी जी माणसे वर्षानुवर्षे एकत्र राहू शकली, तीच माणसे घाट कसा बांधावा, बैलाला इजा होणार नाही आणि बघ्यांच्या अंगावर गाडा जाणार नाही यासाठी काय करावे, हे शिकण्यासाठी एकत्र बसत नाहीत. संकट आले की एकी होते. परंतु संकट येऊ नये म्हणून जी एकी लागते तिची सवय अद्याप लागलेली नाही.

पोकळी कोण भरतो

सार्वजनिक विद्या जेथे सांभाळली जात नाही तेथे ती विकत आणावी लागते. सारंगखेड्याच्या चेतक महोत्सवाच्या आयोजनासाठी २०१७ मध्ये राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाने अहमदाबादच्या एका कंपनीशी करार केला. ३२१ कोटी रुपयांचा हा करार आर्थिक अनियमिततेच्या कारणावरून राज्य शासनाने २०१९ च्या अखेरीस रद्द केला. त्या व्यवहाराच्या तपशिलात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. विचार करण्याजोगी गोष्ट ही, की जो बाजार गावाने आणि देवस्थानाने पिढ्यानुपिढ्या भरविला त्याचे 'व्यवस्थापन' बाहेरून आणले पाहिजे असे शासनाला वाटू शकले. ज्यांना ते येत होते त्यांच्याजवळ आपले ज्ञान दाखविण्यासाठी ना लिखित पुस्तिका होती, ना संघटना, ना त्यांच्या वतीने बोलणारा कोणी. पाहुण्यांसाठी आलिशान तंबू उभे करणे ही एक कला असेल. परंतु दावणीला बांधलेल्या जनावराच्या मालकाला त्या तंबूचा उपयोग नाही. त्याला धक्का, बादली, सावली, पशुवैद्य आणि खरी पावती हवी असते, आणि त्या पाचही गोष्टी कशा द्याव्यात हे कंपनीपेक्षा तळावरच्या माणसाला अधिक चांगले कळते.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की हे बाजार एकमेकांचे स्पर्धक आहेत. आपली युक्ती दुसऱ्याला कोण सांगेल? हा आक्षेप पंचांग उघडून पाहिले की पुष्कळसा गळून पडतो. अकलूज, सारंगखेडा आणि माळेगाव यांच्या तिथी वेगळ्या आहेत. एका तळावर न विकलेले घोडे दुसऱ्या तळावर जाते. एकाची बदनामी झाली, एका ठिकाणी रोग फुटला, तर पुढचे सारे बाजार कोसळतात. येथे शेजाऱ्याचे नुकसान हे आपल्याच नुकसानीची पूर्वसूचना असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशी संघटना काढली की तिचे अधिवेशन होणार, अधिवेशनात मंत्री येणार, हारतुरे होणार, प्रवासभत्त्याची बिले निघणार आणि शिकायचे ते राहूनच जाणार. या भीतीत तथ्य आहे. महाराष्ट्राने अशा परिषदा कमी पाहिलेल्या नाहीत. म्हणूनच आरंभ परिषदेने करू नये, दावणीवरून करावा. माळेगावच्या यात्रेच्या जबाबदार माणसाने तेरा-चौदा दिवस आधी सारंगखेड्यास जाऊन चार दिवस प्रत्यक्ष काम करावे. सारंगखेड्याच्या माणसाने पुढच्या दिवाळीत अकलूजला हजर राहावे. पाहुणा म्हणून जाऊ नये, पहाटेच्या पाळीला हाताखालचा माणूस म्हणून उभे राहावे. पंचांगाने या बाजारांची रांग अशी लावून दिली आहे की तीच एक फिरती शाळा व्हावी. नव्या सचिवाला दुसऱ्या तळावरचा एक जाणता सोबती पहिली दोन वर्षे नेमून द्यावा आणि अडचणीच्या रात्री त्याला केव्हाही दूरध्वनी करण्याची मुभा असावी. परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी जुन्या माणसांजवळ बसून त्यांच्या अनुभवाच्या नोंदी कराव्यात आणि त्यांतून सोप्या मराठीत एक हातपुस्तिका सिद्ध व्हावी. खर्चाचा प्रश्न मोठा नाही. राज्याचे कृषी पणन मंडळ १९८४ पासून अस्तित्वात आहे आणि बाजार समित्या आपल्या उत्पन्नातून त्याला अंशदान देतात. त्यातला लहानसा वाटा या कामी पुरेसा होईल.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागेल. या शाळेत गुरूचे आसन केवळ पदाधिकाऱ्यांसाठी राखून ठेवता कामा नये. घोड्याच्या श्वासावरून आजार ओळखणारा निरक्षर मोतद्दार, गाढवांचा तांडा घेऊन पन्नास वर्षे जेजुरीला येणारा वडार वा कैकाडी, तळ झाडता झाडता कोणत्या कोपऱ्यात पाणी तुंबते हे जाणणारी सफाई कामगार स्त्री, यांचे म्हणणे सचिवाच्या टिपणाइतकेच प्रमाण मानले पाहिजे. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना शासनाने दरवर्षी प्रदर्शने भरवावीत, पिकांच्या आणि औत हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात व उत्तम शेतकऱ्यांना बक्षिसे द्यावीत, अशी सूचना केली होती. औत हाकणे हीसुद्धा परीक्षा घेण्याजोगी विद्या आहे, हा त्या सूचनेचा गाभा होता. तळ राखणे हीही तशीच विद्या आहे.

या साऱ्यातून सर्वांत मोठा लाभ होईल तो धैर्याचा. एकटा सचिव संचालकाच्या शब्दापुढे नमतो, कारण त्याच्या नकाराला त्याच्या एकट्याच्या नोकरीखेरीज आधार नसतो. परंतु राज्यातील प्रत्येक तळावर याच कारणासाठी हीच मालमोटार परत जाते, हे ज्याला ठाऊक आहे आणि ज्याच्या पाठीशी त्याच्यासारखीच माणसे उभी आहेत, त्याचा नकार हा नियम होतो. त्या नियमाच्या आड दहा एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याची बैलजोडी आणि भटक्या कुटुंबाचे एकुलते एक गाढव सुरक्षित राहते. भावावरचा रुमाल काढावयास कायदा लागला. विद्येवरचा रुमाल काढण्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या हंगामात एका तळावरच्या माणसाने दुसऱ्या तळाची वाट धरली तरी आरंभ होण्यासारखा आहे.